क्रिस्टलायझेशनमधलं सॉल्व्हंट कमी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीची पोरं-पोरी बीएस्सी, एमएस्सी किंवा फार्मसी करून औषधी कारखान्यांत लागतात. कुणी गोव्यात वेर्ण्याला, कुणी घाटाखाली लोट्याला, कुणी कुरकुंभला, कुणी हुबळी-धारवाडकडे. त्यांचे फोन येतात, दिवाळीत गावी आली की घरी येऊन बसतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केलेत. क्रिस्टलायझेशन म्हणजे कच्चा माल गरम सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळवून, थंड करून त्याचे शुद्ध दाणे पाडणं. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं: वरून हुकूम आलेला असतो की सॉल्व्हंट कमी करा. कसं, ते कुणी सांगितलेलं नसतं. हिशेबातले आकडे जिथं दाखल्यापुरते आहेत तिथं तसं म्हटलंय. ते तुमच्या मालाचे समजू नका.

1. सॉल्व्हंट कमी झालं हे मोजायचं कशात? ड्रममध्ये, लिटरमध्ये की टक्क्यांत?

किलोमागे. एक किलो कच्च्या मालाला 10 लिटर सॉल्व्हंट घातलं की आपण '10 व्हॉल्यूम' म्हणतो. बोलायला ते ठीक आहे. पण खरा हिशेब ड्रायरमधून निघालेल्या मालावर करायचा, आणि वजनात करायचा. इथिल अ‍ॅसिटेट घ्या, घनता सुमारे 0.9. विरघळवायला 10 व्हॉल्यूम, धुवायला 3, म्हणजे चार्जच्या किलोला 11.7 किलो. यील्ड (घातलेल्या मालापैकी हाती आलेला वाटा) 85 टक्के असेल तर हातात आलेल्या एका किलोमागे जवळजवळ 13.8 किलो सॉल्व्हंट गेलं. यात पाणी आणि बाकीचं सगळं मिळवून जो आकडा येतो त्याला प्रोसेस मास इंटेन्सिटी, म्हणजे पीएमआय म्हणतात. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेला ई-फॅक्टर त्याचाच भाऊ; पाणी दोन्हीकडे सारखं धरलं तर पीएमआयमधून एक वजा केला की झालं. पेट्रोल शुद्धीकरणात ई-फॅक्टर 0.1 च्या आसपास असतो, औषधांत 25 ते 100 आणि त्याच्याही वर.

रिअ‍ॅक्टर आणि लाइन धुवायला वापरलेलं सॉल्व्हंट बॅच शीटवर येत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही. ते आधी मोजा. माल वारंवार बदलणाऱ्या प्लांटमध्ये सगळ्यात सोपी बचत तिथंच सापडते.

2. आम्ही सगळं डिस्टिल करून परत वापरतो. मग कमी करण्याचा एवढा आटापिटा कशाला?

कारण परत मिळवलेलं सॉल्व्हंट फुकटचं नसतं. दर खेपेला वाफ लागते, थंड पाणी लागतं, काही वाफ कंडेन्सर चुकवून जाते, काही तळाच्या गाळात राहतं. शिवाय सॉल्व्हंटबरोबर माल जातो, तो वेगळाच. घागर गळते म्हणून खाली तपेली ठेवली तर पाणी वाचतं खरं, पण घागर गळायची थांबत नाही. रिकव्हरीचे स्वतःचे धोके प्रश्न 12 मध्ये.

3. 10 व्हॉल्यूमचे 5 केले तर चालेल का? हिशेब कसा मांडायचा?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

दाखल्यासाठी आकडे घेऊ. माल 100 किलो, सोबत 1 किलो अशुद्धी. मालाची विद्राव्यता 75 अंशांना लिटरला 200 ग्रॅम, 5 अंशांना 15 ग्रॅम. अशुद्धीची 5 अंशांना लिटरला 1.5 ग्रॅम.

1000 लिटर घातलं तर 5 अंशांना 15 किलो माल मदर लिकरमध्येच (दाणे गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणात) राहतो. यील्ड 85 टक्के. 500 लिटर घातलं तर फक्त साडेसात किलो राहतो, यील्ड 92.5. सॉल्व्हंट निम्मं आणि माल जास्त! इथंच सगळे खूश होतात आणि वही मिटतात.

आता अशुद्धीकडे बघा. 500 लिटरमध्ये 1 किलो म्हणजे लिटरला 2 ग्रॅम. विरघळून राहू शकते 1.5. उरलेले अर्धा ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे एकूण 250 ग्रॅम, मालाबरोबर खाली बसणार. 92.5 किलोत 250 ग्रॅम म्हणजे 0.27 टक्के. दिवसाला 2 ग्रॅमपर्यंतच्या डोसच्या औषधाला अनोळखी अशुद्धी 0.10 टक्क्याच्या वर गेली की तिची ओळख पटवावी लागते, त्यामुळे क्यूसी (गुणवत्ता तपासणी विभाग) ही बॅच पुढं सोडणार नाही. 600 लिटर करून बघा: 100 ग्रॅम खाली येते, 0.11 टक्के. अजूनही वरच. 700 लिटरला लिटरमागे 1.43 ग्रॅम पडते, सगळी विरघळून राहते. यील्ड 89.5.

तेव्हा या मालाचं उत्तर 7 व्हॉल्यूम. 300 लिटर सॉल्व्हंट वाचलं आणि साडेचार किलो माल वाढला. प्रत्यक्षात अशुद्धी स्फटिकाच्या आत शिरूनही येते, म्हणून प्रयोगशाळेत 6, 7 आणि 8 तिन्ही करून बघायचे. पण आपण 10 व्हॉल्यूम का घालत होतो, हे आता कळतं: 5 व्हॉल्यूम विरघळवायला, 2 अशुद्धी सांभाळायला, आणि 3 कुणीतरी फार पूर्वी भीतीपोटी वाढवलेले. काढायचे ते हे तीन.

4. गरम असताना सगळं विरघळलेलं दिसत होतं, तरी फिल्टर चोक झाला. असं का?

कारण विद्राव्यतेच्या अगदी काठावर काम केलंत. द्रावण रिअ‍ॅक्टरमध्ये 75 अंशांना असतं, पण स्पार्कलर फिल्टरचं धातूचं अंग आणि मधली पंधरा फूट लाइन 75 ला नसते.

मी स्वतः हे केलंय. उमेदीच्या वर्षांत एका कारखान्यात मीच व्हॉल्यूम कमी करून दिले होते. रात्रपाळीला फोन आला. जाऊन बघतो तर ऑपरेटर लाकडी हातोड्यानं लाइनवर टकटक करतोय. मोकळी लाइन टणटण वाजते, ही ठप्प वाजत होती. फिल्टर उघडला तर प्लेटांमध्ये खडीसाखरेसारखा माल गच्च बसलेला. ताजं गरम सॉल्व्हंट फिरवून सकाळपर्यंत लाइन मोकळी केली, आणि त्यात जेवढं सॉल्व्हंट गेलं तेवढं पुढच्या कित्येक बॅचमध्येही वाचलं नसतं.

उपाय दोन. फिल्टर आणि लाइन जॅकेटची करा, आणि आधी गरम सॉल्व्हंट फिरवून तापवून घ्या. किंवा थोडं पातळ द्रावण गाळा आणि नंतर रिअ‍ॅक्टरमध्ये आटवून हव्या त्या व्हॉल्यूमवर आणा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. आटवून काढलेलं सॉल्व्हंट स्वच्छ असतं, पुढच्या बॅचला थेट चालतं, अर्थात क्यूएनं (गुणवत्ता हमी विभागानं) तसं लिहून दिलं असेल तर.

5. लोट्याची बॅच शीट जशीच्या तशी इकडे आणली. तिथं रिफ्लक्सला (सॉल्व्हंट उकळत असताना) विरघळणारा माल इथं विरघळत नाही. सॉल्व्हंट वाढवू का?

थांबा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे; धारवाडही असंच घाटमाथ्यावर. इथं हवेचा दाब सुमारे 695 मिलिमीटर, घाटाखाली 760. त्यामुळे सॉल्व्हंट दोन-अडीच अंश आधीच उकळतं. अ‍ॅसिटोन 56 ऐवजी साडेत्रेपन्नच्या आसपास, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) 82 ऐवजी 80 ला. पुष्कळ पदार्थांची विद्राव्यता दर 20 अंशांना साधारण दुप्पट होते. त्या हिशेबानं अडीच अंशांत आठ-नऊ टक्क्यांचा फरक पडतो. बॅच शीट काठावर लिहिलेली असेल तर तेवढ्यानं तळाला माल राहतो.

घाईघाईनं व्हॉल्यूम वाढवण्याआधी, रिअ‍ॅक्टरला परवानगी असेल तर थोडा नायट्रोजनचा दाब ठेवून तापमान वर नेता येतं का ते बघा. नसेल तर दहा टक्के वाढ करा, आणि शीटवर 'रिफ्लक्स' असं न लिहिता अंश लिहा.

6. सीड (त्याच मालाचे आधी तयार केलेले बारीक दाणे) घातल्यानं सॉल्व्हंट कसं काय वाचतं?

थेट नाही, आडवाटेनं वाचतं. संकेश्वर, निपाणीकडच्या कुणाच्याही घरात साखर कारखान्यातला एखादा पॅनमन निघतोच. त्याला विचारा. पॅनमधला पाक आपोआप दाणा धरेल म्हणून तो वाट बघत बसत नाही. बारीक दळलेली साखर स्पिरिटमध्ये कालवून ठरल्या क्षणी पॅनमध्ये ओढतो, म्हणून दाणा एकसारखा येतो.

आपल्याकडे सीड न घालता थंड केलं की द्रावण बराच वेळ गप्प राहतं आणि मग एकदम पांढरं होतं. दाणा बारीक पडतो. बारीक दाण्याचा केक (गाळल्यावर उरणारा दाण्यांचा थर) जास्त मदर लिकर धरून ठेवतो, सेंट्रिफ्यूजवर तासन् तास घेतो आणि धुवायला दुप्पट सॉल्व्हंट मागतो. आणि 'एकदम पडू नये' म्हणून मुळात पातळ द्रावण ठेवलं जातं, ते निराळंच.

सीड साधारण 1 टक्का, दळलेला आणि त्याच सॉल्व्हंटमध्ये कालवलेला. टाकल्यावर विरघळला तर तुम्ही लवकर टाकलात. टाकायच्या आधीच काचेतून धूसर दिसत असेल तर उशीर झाला. टाकल्यावर अर्धा-एक तास तापमान धरून ठेवा, मग थंड करा: सुरुवातीला हळू, शेवटी जलद. सुरुवातीला दाण्याचा पृष्ठभाग थोडा असतो, त्याला माल घ्यायला वेळ द्यावा लागतो. बहुतेक प्लांटमध्ये ब्राइन (थंड करणारं खारं पाणी) एकदम सोडून याच्या बरोबर उलट करतात.

7. केक धुवायला 3 व्हॉल्यूम लिहिलेत. तेवढे लागतात का?

क्वचितच. आधी धुलाई कशासाठी ते बघा. दाण्यांच्या मधे अडकलेलं मदर लिकर ढकलून बाहेर काढायचं, एवढंच तिचं काम. प्रश्न 3 मधल्या केकमध्ये 40 लिटर मदर लिकर अडकलंय असं धरा. ते बाहेर ढकलायला 300 लिटर कशाला? उलट 5 अंशांचं 300 लिटर सॉल्व्हंट जास्तीत जास्त साडेचार किलो माल विरघळवून नेऊ शकतं. आपण तिथं कष्टानं मिळवलेले साडेचार किलो इथं धुऊन गेले.

एकदम 3 व्हॉल्यूम ओतण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या व्हॉल्यूमच्या दोन धुलाया बहुतेक वेळा पुरतात. अट एक: केकला भेगा नसाव्यात. मे महिन्यात राकसकोपच्या जलाशयाचा काठ भेगाळतो ना, तसा केक व्हॅक्यूम जास्त वेळ ठेवला की भेगाळतो. मग वरून ओतलेलं सगळं सॉल्व्हंट भेगांतून थेट खाली जातं आणि दाण्यांना शिवतही नाही. तुम्ही कितीही ओता. म्हणून मदर लिकर केकच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली गेलं की व्हॅक्यूम बंद करायचा, केक सपाट करायचा, एएनएफडी (आतच ढवळणारा आणि सुकवणारा फिल्टर) असेल तर अ‍ॅजिटेटर उलटा फिरवून दाबून घ्यायचा, आणि मग धुलाई सोडायची. सेंट्रिफ्यूजवर भेगांची अडचण कमी, पण केक एका बाजूला जाड बसतो. तिथं हळू वेगावर फवारून धुवा.

किती धुतलं म्हणजे पुरे? बाहेर येणाऱ्या धुलाईचा नमुना दर पन्नास लिटरला घ्या आणि अशुद्धी तपासा. आकडा उतरायचा थांबला की तिथं तुमची धुलाई संपली. तीन बॅच असं केलं की उत्तर आपोआप कागदावर येतं. आणि धुलाईचं सॉल्व्हंट थंडच हवं. 'ड्रम बाहेर उन्हात होता' हे कारण मी वर्षानुवर्षं ऐकलंय.

8. पाणी ओतून माल पाडला तर सॉल्व्हंट कमीच लागेल ना?

पहिल्या नजरेला तसं वाटतं. पण आधी विरघळवायला सॉल्व्हंट घालायचं, मग तेवढंच किंवा जास्त पाणी, म्हणजे एकूण व्हॉल्यूम वाढला. आणि आता ते मिश्रण वेगळं करायचंय. आयपीए आणि पाणी वजनानं सुमारे 88 टक्क्यांवर एकत्रच उकळतात, इथेनॉल 95.6 वर, साध्या डिस्टिलेशननं पुढं जाता येत नाही. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉलची अशी अडचण नाही, म्हणून पाण्यानं पाडायचंच असेल तर ते सोयीचे. माझा क्रम असा: आधी थंड करून बघा, मग आटवून थंड करून बघा, आणि तरी यील्ड अडलं तरच पाणी. ओताल तेव्हा स्टररच्या पात्याजवळ, हळू आणि सीड घातल्यानंतर.

9. मदर लिकर तसंच पुढच्या बॅचला वापरलं तर?

पुन्हा साखर कारखाना. तिथं ए मशीकुटातून (शिजवलेल्या दाणे-मळीच्या मिश्रणातून) निघालेल्या मळीचं बी करतात, बीच्या मळीचं सी. दर पायरीला साखर निघते, मळी काळी आणि चिकट होत जाते, आणि शेवटची मळी डिस्टिलरीला जाते. तिच्यातून आणखी साखर काढण्याच्या फंदात कुणी पडत नाही.

औषधातही तसंच. मदर लिकर थेट फिरवलं तर दर खेपेला अशुद्धी साठते. प्रश्न 3 च्या दाखल्यात 700 लिटरला आपण लिटरमागे 1.43 ग्रॅमवर होतो, मर्यादा 1.5. तिथं दुसरी खेपच शक्य नाही! पण मुळात अशुद्धी थोडी असेल तर ठरावीक भाग फिरवून उरलेला दर वेळी बाहेर काढता येतो. हे आयसीएच क्यू7 ला (औषधी मालाच्या उत्पादनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांना) मान्य आहे, फक्त कार्यपद्धती लिहिलेली आणि मंजूर हवी. किती खेपा, तेही तिच्यातच ठरवून टाका. 'रंग चांगला दिसतोय, अजून एक फिरवू' याला कार्यपद्धती म्हणत नाहीत.

10. रिअ‍ॅक्शन एका सॉल्व्हंटमध्ये, क्रिस्टलायझेशन दुसऱ्यात. मधे सगळं आटवून नवं टाकावं लागतं. यात बचत कशी करू?

सुकं होईपर्यंत आटवू नका. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये ते धोक्याचंही असतं. जुनं सॉल्व्हंट स्टररला चालेल तेवढ्या कमी पातळीवर आणा, समजा 3 व्हॉल्यूम, आणि मग जेवढं वर जाईल तेवढंच नवं खालून सोडत पातळी तीच ठेवा. 8 व्हॉल्यूमवर हेच केलं तर त्याच शुद्धतेला पोचायला त्याच प्रमाणात जास्त, म्हणजे अडीच पटीहून अधिक नवं सॉल्व्हंट जाईल.

त्याहून चांगला उपाय म्हणजे अदलाबदलीची गरजच न ठेवणं. नैराश्यावरच्या सर्ट्रालीन या औषधाच्या नव्या प्रक्रियेत टोल्युइन, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), डायक्लोरोमिथेन आणि हेक्झेन या चौघांऐवजी एकट्या इथेनॉलवर काम भागवलं. टनामागे 60,000 गॅलन सॉल्व्हंट लागत होतं, ते 6,000 वर आलं. 2002 मध्ये त्याला अमेरिकेतला ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

11. आपल्या भागात एवढ्या डिस्टिलऱ्या. तिथलंच इथेनॉल का घेत नाहीत?

घेता येतं, पण पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल आणि औषधाचं इथेनॉल यांचे निकष वेगळे. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, साठ्याची नोंद हे सगळं आलं. आणि खरेदी करताना एक विचारा: निर्जल कसं केलंय? आज बहुतेक ठिकाणी मॉलिक्युलर सीव्ह असतात. जुन्या पद्धतीत पाणी काढायला बेंझिन वापरायचे, आणि औषधात बेंझिन राहण्याची मर्यादा फक्त 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) आहे.

12. रिकव्हर केलेलं सॉल्व्हंट जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या तपासणीत) 99.5 टक्के आलं. मग भीती कसली?

त्या उरलेल्या अर्ध्या टक्क्याची. 2018 मध्ये वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए (कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) सापडलं, त्यानंतरच्या चौकशांत नियामकांनी रिकव्हर केलेल्या सॉल्व्हंटकडेही बोट दाखवलं: डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मअमाइड) या सॉल्व्हंटमधून आलेलं डायमिथाइल अमाइन आणि कुठून तरी आलेलं नायट्राइट एकत्र आलं की एनडीएमए तयार झालंच. म्हणून नायट्राइट वापरणाऱ्या पायरीचं सॉल्व्हंट दुसऱ्या पायरीत नेऊ नका, आणि बाहेरून रिकव्हर करून घेत असाल तर तुमचा लॉट दुसऱ्या कुणाच्या लॉटमध्ये मिसळत नाही याची खात्री करा.

दुसरा सापळा टीएचएफचा. पेरॉक्साइड होऊ नये म्हणून त्यात बीएचटी घातलेलं असतं. डिस्टिल केलं की ते तळात राहतं आणि वर आलेलं टीएचएफ उघडं पडतं. बीएचटी पुन्हा घाला आणि वापरण्याआधी पेरॉक्साइड तपासा. इथिल अ‍ॅसिटेटमध्ये आम्लता बघा. ओलं असेल तर त्याचं अ‍ॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल होत राहतं.

13. कमी सॉल्व्हंटपेक्षा चांगलं सॉल्व्हंट घेतलं तर भागेल का?

कधी कधी. हेक्झेनची मर्यादा 290 पीपीएम, हेप्टेनची 5000, आणि बहुतेक ठिकाणी एकाच्या जागी दुसरं चालतं. स्थिर विजेचा धोका मात्र दोघांतही तसाच. सेंट्रिफ्यूजवर नायट्रोजन आणि अर्थिंग सोडू नका. मिसिलेट (मिथेनसल्फॉनिक आम्लाचे) क्षार बनवत असाल तर अल्कोहोलकडे वळताना सावध. 2007 मध्ये नेलफिनाविर या एचआयव्हीवरच्या औषधात जनुकांना इजा करणारं इथिल मिसिलेट सापडलं, ते टाकीत राहिलेलं इथेनॉल आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल एकत्र आल्यामुळे.

14. व्हॉल्यूम कमी केले, प्युरिटी पास, यील्ड चांगलं. तरी क्यूए सही करत नाही. का?

क्यूएचं बरोबर आहे. घट्ट द्रावणात अतिसंपृक्तता (मावतो त्याहून जास्त माल विरघळलेला असणं) वाढते आणि स्फटिकाचं दुसरंच रूप पडू शकतं. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध 1996 मध्ये बाजारात आलं. 1998 मध्ये त्याचं कमी विरघळणारं नवं रूप अचानक पडायला लागलं आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रसायन तेच होतं, प्युरिटीही ठीक होती. म्हणून एक्सआरडी (स्फटिकाचं रूप ओळखणारा क्ष-किरण तपास) हवाच. कणांचा आकार हवा. आणि उरलेलं सॉल्व्हंट पुन्हा तपासायला हवं: घाईनं वाढलेले, एकमेकांना चिकटलेले दाणे पोटात सॉल्व्हंट धरून ठेवतात. वापरलं कमी आणि मालात राहिलं जास्त, असं खरंच होतं.

15. थंड करताना दाणा न पडता तळाला तेल जमतं.

बहुतेक वेळा तुमचं द्रावण फार घट्ट असतं किंवा सॉल्व्हंटमध्ये पाणी आलंय. पुन्हा तापवा, एक व्हॉल्यूम वाढवा, तेल होण्याच्या तापमानाच्या वर सीड घाला. तेल गोठून 'माल' झाला म्हणून पुढं ढकलू नका, सगळी अशुद्धी त्यातच असते.

16. स्लरी (सॉल्व्हंट आणि दाण्यांचं मिश्रण) इतकी घट्ट झाली की स्टरर ओढत नाही.

मग एवढे कमी व्हॉल्यूम तुमच्या रिअ‍ॅक्टरला परवडत नाहीत. काचेच्या फ्लास्कात जमलं म्हणून अँकर स्टररवर जमेलच असं नाही. सुईसारखा दाणा असेल तर थंड करताना मधे एकदा पाच-सात अंश तापवून पुन्हा थंड करा. बारीक सुया विरघळतात, जाड दाणे वाढतात आणि तीच स्लरी सैल होते.

17. बेळगावच्या उद्यमबागेतला एक थिनरवाला आमचं वापरलेलं सॉल्व्हंट रोख पैसे देऊन न्यायला तयार आहे. देऊ का?

नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत औषधनिर्मितीतलं वापरलेलं सॉल्व्हंट अनुसूची 1 मध्ये 28.6 क्रमांकावर आहे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत मंजुरी असलेल्यालाच देता येतं, जसं रिकव्हरीवाल्याला किंवा सिमेंट भट्टीत जाळायला, तेही मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह). थिनरवाल्याकडे ती मंजुरी असेल तर कागद मागा. नसेल तर त्याच्या ड्रमवरून उद्या एखाद्या रंगाऱ्याच्या हाताला जे लागेल, त्यात तुमच्या बॅचमधलं औषधही असेल.